कात्री कुणाच्या हातात?

(गिरणगावातील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभेपुढे आलेल्या ठरावाचे दोन भाग आहेत. सीमाभागातल्या मराठी माणसाची मुस्कटदाबी थांबवा, हा पहिला भाग. त्याला आमचा पाठिंबा आहे, दोन्ही हात वर करून आहे. दुसऱ्या भागात म्हटले आहे की, मराठी माणसाचा अवमान करणारी वृत्तपत्रे, नाटके, चित्रपट यांवर सरकारने बंदी घालावी, आणि सरकार घालत नसेल तर आपण घालू. ह्या दुसऱ्या भागाला आमचा विरोध आहे. का आहे ते आधी ऐकून घ्या, मग आरडाओरडा करायचा तो करा. आमची शाळा चौथीपर्यंतची. घटनेची कलमे आम्ही वकिलासारखी सांगणार नाही. पण कात्री म्हणजे काय, ती कुणाच्या हातात असते आणि कापले कुणाचे जाते, हे गिरणीत घाम गाळलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

पहिल्यांदा आपल्याच घरची गोष्ट सांगतो. गिरणगावात ती फार जणांना ठाऊक नाही, आणि ती ठाऊक नसावी अशीच व्यवस्था झाली होती.

१९३४ साल. पगारकपातीला वैतागून एप्रिलपासून मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. त्याच वर्षी जून महिन्यात बनारसहून एक माणूस मुंबईला आला आणि दादरला बिऱ्हाड करून राहिला. त्याचे नाव प्रेमचंद. हिंदी-उर्दूतला एवढा मोठा कादंबरीकार, पण छापखाना तोट्यात आणि मासिक तोट्यात. कर्ज फेडायचे म्हणून अजंठा सिनेटोन नावाच्या कंपनीशी त्याने वर्षभराचा करार केला. आपल्याकडचा माणूस कर्जापायी गाव सोडून मुंबईला येतो तसाच तोही आला म्हणा ना! त्याने चित्रपटासाठी जी कथा लिहिली ती गिरणीची होती. चित्रपटाचे नाव 'मिल', कुणी त्याला 'मजदूर' म्हणत. दिग्दर्शक मोहन भवनानी. गिरणीचा जुना मालक भला माणूस, तो मरतो. मुलगा उधळ्या, तो कामगारांना छळतो. मुलगी दयाळू, ती कामगारांची बाजू घेते. संप होतो, मारामारी होते, शेवटी मुलगा जातो आणि मुलगी गिरणी पुन्हा सुरू करते. कामगार-मालकांचा तंटा सोडवणाऱ्या पंचाची छोटीशी भूमिका प्रेमचंदांनी स्वतःच केली होती.

आता आम्हांला विचाराल तर कथा मवाळच. मालकाची पोरगी येऊन संप मिटवते आणि सगळे गोड होते, असे निदान आमच्या आज्याच्या, बापाच्या किंवा आमच्या पाळीत कधी घडलेले नाही. ह्या कथेत ना लाल बावटा, ना क्रांती. तरीसुद्धा मुंबईत चित्रपटावर बंदी आली! कारण काय? गिरण्यांतल्या कामगारांत अशांतता माजेल.

बंदी कुणी घातली तेही बघा. इंग्रज सरकारने १९१८ साली चित्रपटाचा कायदा केला आणि १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे सेन्सॉर बोर्डे बसवली. बोर्डाचा अध्यक्ष पोलीस कमिशनर. बाकीचे सभासद शहरातले प्रतिष्ठित. प्रतिष्ठित म्हणजे कोण ते तुम्ही ओळखलेच असेल. १९३४ साली मुंबईच्या बोर्डावर गिरणीमालकांच्या संघटनेतला माणूस बसला होता, असे चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नोंदून ठेवले आहे. चित्रपट गिरणीचा, आणि तो कामगाराने बघावा की नाही हे ठरवणारा मालकांच्या गोटातला! साचेखात्यातला विणकर काही त्या बोर्डावर नव्हता. अशांतता म्हणे चित्रपटाने माजणार होती. अहो, संप तर बोर्डाने चित्रपट बघायच्या आधीच झालेला होता. तो कुठल्या पडद्यावरून आला नव्हता, तो पगाराच्या पाकिटातून आला होता.

उत्तरेत काही शहरांत तो लागला, गर्दी झाली, आणि तिथेही बंदी आली. मुंबईत त्याला पुढे काही वर्षांनी, पुष्कळ कापाकापी करून, नाव बदलून परवानगी मिळाली. नवे नाव काय, तर 'दया की देवी'. गिरणी गेली, मजूर गेला, उरली मालकाची दया. प्रेमचंद १९३५ सालीच मुंबईला रामराम ठोकून परत गेले होते, आणि १९३६ साली ते वारले. आज त्या चित्रपटाची प्रत कुठे सापडत नाही असे जाणकार सांगतात. म्हणजे गिरणगावावर लिहिलेली, हिंदुस्थानातल्या एवढ्या मोठ्या लेखकाची गोष्ट गिरणगावाने धड बघितलीच नाही, आणि आता कुणालाच बघता येणार नाही. बंदी उठली तरी गेलेले परत येते असे नाही, मंडळी.

तुम्ही म्हणाल, ते इंग्रजाचे राज्य होते. कबूल. पण इंग्रजाने कात्री कशी धरली होती ते नीट बघितले म्हणजे पुढचे सगळे उलगडते. १८७८ साली लिटन साहेबाने वृत्तपत्रांचा कायदा केला, तो फक्त देशी भाषांतल्या पत्रांना लागू होता. इंग्रजीत छापणाऱ्याला मोकळीक, मराठीत-बंगालीत छापणाऱ्याकडून मुचलका आणि जामीन. चारेक वर्षांत तो कायदा गेला, पण त्यातले मर्म गेले नाही. इंग्रजी वाचणारे थोडे, ते घरात बसून वाचणार, चहा पिणार आणि अर्ज करणार. मराठी पत्र एक जण वाचतो आणि वीस जण ऐकतात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० साली 'दीनबंधु' मुंबईत आणून चालवायला घेतला, तेव्हा गिरणीत अक्षर ओळखणारा शंभरात किती? पण खानावळीत, चाळीच्या व्हरांड्यात कुणीतरी वाचून दाखवी. सरकार भीत होते ते त्या वाचून दाखवण्याला.

म्हणून 'केसरी'तल्या लेखांवरून टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईचे साचे सहा दिवस बंद पडले. वर्षाला एक दिवस. ज्यांनी ते साचे बंद पाडले त्यांतल्या बहुतेकांना 'केसरी' वाचता येत नव्हता. गोळीबार झाला, माणसे मेली. वृत्तपत्रस्वातंत्र्य हा शिकलेल्यांचा विषय, कामगाराला भाकरी पुरे, असे जे पंडित आजही सांगतात त्यांनी तो जुलै महिना आठवावा. लेखाच्या शिक्षेविरुद्ध रस्त्यावर येऊन गोळी खाल्ली ती आमच्या पणज्यांनी. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० साली बंदी आली तेव्हाही तीच तऱ्हा होती. महाभारतातला कीचक, पण पिटातल्या प्रेक्षकाला त्यात कर्झन दिसू लागला. आणि १९२९ साली मीरतच्या खटल्यात आमचे पुढारी धरून नेले तेव्हा पुराव्यात मराठी साप्ताहिक 'क्रांती'सुद्धा मांडले गेले. वाचणाऱ्याला काय समजले, ह्यावर लिहिणाऱ्याचा गुन्हा ठरायचा.

स्वातंत्र्य आले. घटना आली. आणि घटनेच्या पहिल्याच वर्षी, १९५० साली, मुंबईत छापल्या जाणाऱ्या 'क्रॉस रोड्स' नावाच्या डाव्या विचाराच्या इंग्रजी साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या हद्दीत येण्याची बंदी केली. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती उडवली. त्याच दिवशी, त्याच न्यायालयाने दिल्लीच्या 'ऑर्गनायझर' ह्या संघाच्या पत्रावर लादलेली पूर्वतपासणीही उडवली. ऐकलेत ना? एक लाल, एक भगवे, आणि दोघांना न्याय एकाच दिवशी. ज्याला आपण आयुष्यभर विरोध करू त्याचे पत्र आणि आपले पत्र एकाच दोरीला बांधलेले असते, ते हे असे. सरकारने काय केले? १९५१ साली घटनाच दुरुस्त केली, सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाने निर्बंध घालता येतील अशी सोय करून घेतली. एक शब्द मात्र त्या दुरुस्तीत बरा आला: निर्बंध वाजवी पाहिजेत. त्या 'वाजवी' शब्दावर वकील लोक आजपर्यंत भांडताहेत.

आणि मराठीचे काय? मुंबई राज्याच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. सुधारणेच्या नावाखाली घातली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले होते. अण्णाभाऊ आमच्यासारखेच, गिरणीत राबलेले, शाळा न झालेले. त्यांच्या 'माझी मुंबई'वर सरकारची वक्रदृष्टी झाली. इंग्रजी नाटकाला जाणाऱ्या साहेबाने काय बघावे ह्याची सरकारला काळजी नव्हती. डफ वाजला आणि मैदानात चाळीच्या चाळी जमल्या की काळजी! पण अण्णाभाऊ गप्प बसले नाहीत. तमाशा चालत नाही? लोकनाट्य म्हणून घ्या. बंदी तशीच राहिली, आणि ढोलकीही तशीच वाजत राहिली.

१९५६ च्या जानेवारीची १६ तारीख. मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असे पंडितजींनी आकाशवाणीवरून सांगितले. आकाशवाणी सरकारची, तिच्यावर आपल्याला बोलता येत नव्हते. बडी इंग्रजी पत्रे बहुतेक आपल्या विरुद्ध. त्यांत आपल्याला गुंड म्हटले गेले, खेडवळ म्हटले गेले. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर पंधरा माणसे पडली होती, जानेवारीत आणखी पडली. राग कुणाला येणार नाही? पण आपण जिंकलो ते कशाने? १५ नोव्हेंबर १९५६ ला आचार्य अत्रे यांनी 'मराठा' काढला. शाहिरांनी मैदाने भरवली. परिपत्रके निघाली, दोन-दोन पैशांना, ज्यांवर शाई वाळलेली नसायची. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण केली. इंग्रजी पत्रे त्या दिवशीही छापली जात होती आणि विकली जात होती. ती बंद पाडून संयुक्त महाराष्ट्र मिळालेला नाही.

आणीबाणीचे फार सांगत नाही, ते पुष्कळांनी सांगितले आहे. जून १९७५ ला सेन्सॉर बसला. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष असून उभ्या राहून बोलल्या, पुढे तुरुंगात गेल्या. मिनू मसानी यांच्या छोट्याशा इंग्रजी मासिकाचे लेख मुंबईच्या सेन्सॉरने अडवले, तेव्हा १९७६ च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने सेन्सॉरला खडसावले. मसानी भांडवलवाल्यांचे तत्त्वज्ञ, आमचे त्यांचे काय जमणार! पण तो निकाल आमच्याही कामाचा आहे.

आता चालू काळ. नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे द्यायची पद्धत आपल्या राज्यात स्वातंत्र्यानंतर आली, पोलीस कायद्याच्या नियमांतून. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ला १९७२ साली तिचाच फटका बसला आणि उच्च न्यायालयात जाऊन ते सुटले. अमोल पालेकरांनी २०१६ साली ह्या पूर्वतपासणीलाच न्यायालयात आव्हान दिले. इंग्रजांचा १८७६ चा नाटकांचा कायदा आपल्या संसदेने २०१८ साली रद्द केला, पण पोलीस कायद्यातून आलेली सवय काही त्याबरोबर गेली नाही. आमच्या एका चाळीतल्या पोरांनी गणपतीत गिरणी कामगारांच्या घरांवर पंधरा मिनिटांचे पथनाट्य बसवले. एका ठाण्यातून निरोप आला, संहिता दाखवा. दाखवली. 'बिल्डर' हा शब्द काढा म्हणाले. काढून काय घालायचे? तर म्हणे 'काही लोक'. पोरे हुशार. त्यांनी 'काही लोक' असेच म्हटले आणि बोट मागच्या टॉवरकडे केले. टाळ्या बिल्डरला मिळाल्या असत्या त्याच्या दुप्पट मिळाल्या.

२०२५ साली 'चल हल्ला बोल' ह्या चित्रपटात नामदेव ढसाळांच्या कविता होत्या. सेन्सॉर बोर्डाकडून विचारणा झाली की कोण हा ढसाळ, अशी बातमी सगळ्या पत्रांत आली. मुंबईत बसून, गोलपिठ्यापासून हाकेच्या अंतरावर, हा प्रश्न! त्याच वर्षी महात्मा फुल्यांवरच्या चित्रपटात जातींची नावे, पेशवाईचा उल्लेख यांवर कात्री चालवायला सांगितले, आणि फुले जयंतीला लागायचा तो चित्रपट दोन आठवडे लांबला. ज्या छळाविरुद्ध जोतीबा लढले त्याचे नाव घ्यायचे नाही, मग ते लढले कशाविरुद्ध? डासांविरुद्ध? आधी बोर्डावर अपिलाला एक न्यायाधिकरण तरी होते. २०२१ साली तेही मोडून टाकले. आता थेट उच्च न्यायालय. मोठ्या कंपनीला वकील परवडतो. छोट्या मराठी निर्मात्याने काय करावे? तो मुकाट्याने कापतो.

आता ठरावातले ते दुसरे वाक्य: 'आपण घालू'. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या एका मुलीने मुंबई बंदबद्दल चार ओळी फेसबुकवर लिहिल्या, दुसरीने त्याला पसंती दिली. दोघींना अटक झाली आणि एकीच्या नातेवाइकाचा दवाखाना जमावाने फोडला. ज्या कलमाखाली धरले ते ६६ अ कलम २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने उडवले. दवाखाना फोडून मराठीचे काय भले झाले ते कुणी उठून सांगावे. २००४ च्या जानेवारीत पुण्यात भांडारकर संस्थेवर जमाव गेला, एका परदेशी माणसाच्या पुस्तकाच्या रागाने. पुस्तक परदेशी माणसाचे, आणि मोडतोड झाली ती आपल्या पोथ्यांची. शिवछत्रपतींचा राग असा काढतात?

मग काय, कुणी काहीही बोलावे आणि आम्ही ऐकावे? असे आम्ही म्हणत नाही. गिरणीतलेच उदाहरण देतो. साच्यावरून कापड उतरते, मग ते तपासणीला जाते. धागा तुटला असेल, डाग असेल, तर तो दाखवायचा. विणकर म्हणतो, सूतच कच्चे होते, मी काय करू? भांडण होते, युनियन मध्ये पडते, निकाल लागतो. हे सगळे उजेडात, कापड समोर पसरून. पण साचा सुरू व्हायच्या आधीच मुकादम येऊन म्हणाला, तुझ्या कापडात डाग पडेल असे मला वाटते, सबब साचा बंद, तर तुम्ही ऐकाल? बदनामी केली, खोटे छापले, दंगल पेटवली, तर छापल्यावर कोर्टात खेचा. पुरावा द्या, त्यालाही बोलू द्या. त्यातही सावध राहायला हवे, कारण टिळकांवरचा राजद्रोहही छापल्यानंतरचाच होता. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली थांबवून धरले, आणि २०२४ च्या जुलैत नवी न्याय संहिता आली तिच्यात १५२ व्या क्रमांकावर त्याचाच भाऊबंद येऊन बसला आहे.

आता ठरावाचा पहिला भाग आणि दुसरा भाग शेजारी ठेवून बघा. बेळगावजवळ येळ्ळूर गाव आहे. गावच्या वेशीत फलक होता: महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर. २०१४ च्या जुलैत तो पाडला, गावकऱ्यांनी पुन्हा उभारला, पुन्हा पाडला, आणि लोकांना घरात घुसून मारले. कारण काय दिले? त्या शब्दांनी कुणाच्या तरी भावना दुखावतात, शांतता बिघडते. आज आपण मुंबईत तेच कारण देऊन एखादे पत्र बंद करा म्हटले, तर उद्या येळ्ळूरच्या म्हाताऱ्याला आपण कुठल्या तोंडाने सांगणार की तुझा फलक पाडला तो अन्याय आहे? तिथला अधिकारी आपलाच ठराव काढून दाखवील. भावना तिथल्या लोकांनाही आहेत. आणि मुंबईत आपली सत्ता असेल तर आज असेल, बंदीचा कायदा मात्र उद्याच्या मालकाच्याही खिशात जातो. १९४६ च्या औद्योगिक कायद्याने एका युनियनला मान्यता दिली आणि बाकीच्यांना मुके केले, त्याची किंमत १९८२ च्या संपात अडीच लाख कामगारांनी मोजली. कुणी बोलावे हे सरकारने ठरवले की काय होते, ते ह्या मैदानावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारा.

म्हणून आमची उपसूचना अशी. ठरावाचा दुसरा भाग गाळावा. (हो, हीसुद्धा कात्रीच, पण सभेपुढे, तुमच्या मताने चाललेली.) त्याच्या जागी तीन मागण्या घालाव्यात. चित्रपटात किंवा नाटकात जे काही कापायला सांगतील त्याचे कारण लेखी, मराठीत, आणि सांगणाऱ्याच्या सहीनिशी मिळावे. नाटकाची पूर्वतपासणी बंद व्हावी, लोकनाट्य आणि पथनाट्य धरून. आणि चित्रपटाचे मोडलेले अपील पुन्हा उभे करावे, तेही असे की छोट्या निर्मात्याला मुंबईतच, वकिलाशिवाय दाद मागता यावी. आपला अवमान जे करतात त्यांना उत्तर द्यायला आपली पत्रके आहेत, शाहीर आहेत, ही पुस्तिका आहे. ती दहा जणांनी विकत घ्यावी आणि पन्नास जणांना वाचून दाखवावी.

सूचक आम्ही. अनुमोदन साचेखात्याच्या मंडळींनी द्यावे, आणि अध्यक्षांनी उपसूचना मूळ ठरावाच्या आधी मतास टाकावी.